साइड देणारा हात

दुपदरी रस्त्यावर पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला, मागच्या कारवाल्याला वाटलं ‘जा’ म्हणतोय, तो निघाला आणि समोरून येणाऱ्या गाडीवर आदळला. असा एखादा व्हिडिओ फिरायला लागला की दोन-तीन दिवस तोच वाद पुन्हा पेटतो. एक गट म्हणतो, ट्रकवाल्यांची ही गावठी खूणभाषा बंद करा. इंडिकेटर वळण्यासाठी, डिपर उजेडासाठी, हॉर्न धोक्यासाठी, विषय संपला. दुसरा गट लगेच जुन्या ड्रायव्हरांच्या आठवणी काढतो: काय ती माणुसकी, काय ते हात दाखवणं, आता रस्त्यावर कोणी कोणाचं राहिलं नाही. पहिल्यांना ट्रकवाला अडाणी दिसतो, दुसऱ्यांना देवमाणूस. पंचवीस टन माल घेऊन घाट उतरताना मागच्या अनोळखी माणसाशी काहीतरी बोलावंच लागतं, अशा अडचणीतला कामकरी माणूस मात्र दोघांनाही दिसत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या खुणा बंद करता येणार नाहीत आणि करूही नयेत. पण त्यांत दोन जाती आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय हा वाद सुटणार नाही. ‘मी काय करतोय’, ‘मला काय दिसतंय’ हे सांगणारी खूण जपली पाहिजे, शिकवली पाहिजे, लायसन्सच्या परीक्षेत विचारली पाहिजे. ‘तू आता काय कर’ हे सांगणारी खूण, म्हणजे पुढच्याने मागच्याच्या वतीने घेतलेला निर्णय, आता सोडून द्यायला हवी. आणि साइड देणं हे हाताच्या किंवा दिव्याच्या आधी पायाचं काम आहे, ॲक्सिलरेटरवरच्या पायाचं. वादात त्याचं नावही निघत नाही.

मुळात ही खूण गावठी आहे का? १९८९ सालची ‘रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स’ काढून बघा. पुढच्या गाडीला कधी ओलांडू नये याची यादी त्यात आहे. वळण असेल, चढ असेल, पुढचं दिसत नसेल तर जाऊ नये, हे आपल्याला माहीत असतं. त्याच यादीत आणखी एक अट होती: पुढच्या चालकाने ‘ओलांडा’ अशी खूण केलेली नसेल तर जाऊ नये. खूण कशी करायची तेही लिहिलेलं होतं. उजवा हात खिडकीबाहेर आडवा काढायचा आणि मागून पुढे, पुढून मागे असा अर्धगोल झुलवायचा. म्हणजे ज्याला आज आपण अडाणीपणा म्हणतो, तो एके काळी या देशाचा लेखी नियम होता. मागच्याने हॉर्न वाजवून वाट मागायची, पुढच्याने हाताने ती द्यायची. ट्रकच्या पाठीवर रंगवलेलं ‘हॉर्न ओके प्लीज’ या देवाणघेवाणीचंच आमंत्रण होतं. महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी ३० एप्रिल २०१५ रोजी ते लिहिण्यावर बंदी घातली. कारण दिलं ते विनाकारण हॉर्नला प्रोत्साहन मिळतं हे, आणि आपल्या रस्त्यांवरचा गोंगाट ऐकणाऱ्या कोणालाही ते पटेल. २०१७ मध्ये १९८९च्या नियमांची जागाही नव्या नियमावलीने घेतली. पण पाटी पुसली म्हणून मागच्याची वाट मागण्याची गरज पुसली गेली का? पुढचा ट्रक तेवढाच रुंद, मागची कार तेवढीच आंधळी.

आता त्या हाताकडे जरा जवळून बघू. माझे मामा कोल्हापूरहून गूळ घेऊन मुंबईला गाडी चालवायचे. पुणे-बंगळूर रस्ता तेव्हा चौपदरी झालेला नव्हता. शाळेच्या सुट्टीत दोनदा मी त्यांच्याबरोबर केबिनमध्ये बसून गेलो. मामांचा उजवा हात डाव्यापेक्षा चांगला दोन छटा काळा होता, मनगटापासून दंडापर्यंत. दिवसभर तो खिडकीत असायचा. त्या हाताला व्याकरण होतं. हात आडवा आणि स्थिर, तळवा समोर: मी उजवीकडे वळतोय. कोपरातून वर उचललेला: थांबतोय. झुलवलेला: तू पुढे जा. रात्री हाताला उजेड नाही म्हणून क्लीनर बॅटरी घेऊन बसायचा. सातारा सोडल्यावर एका जागी मागची गाडी बराच वेळ हॉर्न देत होती, रस्ता सरळ होता आणि मामांचा हात मात्र आत, मांडीवर. मी विचारलं, ‘‘मामा, जाऊ देत का न्हाई त्याला?’’ ते म्हणाले, ‘‘त्या झाडामागं रस्ता खाली उतरतोय, पलीकडचं मला दिसंना. मलाच ठावं न्हाई तर त्याला काय सांगू?’’ पुढे पुलावरून समोरचा रस्ता उघडा दिसला तेव्हा त्यांनी आधी पाय उचलला, गाडी डावीकडे घेतली आणि मग हात बाहेर काढला.

हा हात आत का गेला? गाड्या उंच झाल्या, वेग वाढले, रहदारी वाढली आणि इंडिकेटर आला. माझा समज असा की झुलणाऱ्या उजव्या हाताचा अर्थ अनेक ड्रायव्हरांनी सरळ उजव्या इंडिकेटरवर नेऊन ठेवला, कारण हात त्याच बाजूचा होता. घोटाळा तिथे झाला. स्थिर हात आणि झुलता हात हे दोन वेगळे शब्द होते. दिवा एकच गोष्ट करू शकतो, लुकलुकणं. दोन शब्द एका शब्दात कोंबले गेले आणि आता उजवा दिवा लागला की मागच्याने काय समजायचं? तो उजवीकडे वळतोय? तो स्वतः पुढच्याला ओलांडणार आहे? समोरून गाडी येतेय, येऊ नको? की मोकळं आहे, जा? यातले चारही अर्थ लावणारे ड्रायव्हर एकाच ढाब्यावर जेवताना सापडतील. काही भागांत ‘जा’साठी डावा दिवा देतात आणि ‘थांब’साठी उजवा, काही भागांत बरोबर उलटं. नॅशनल परमिटची गाडी चार राज्यं ओलांडते, तिच्यामागे लागलेला कारवाला पाचव्या राज्यातला. म्हणून बंदीवाल्यांचा पहिला मुद्दा मी मोकळ्या मनाने मान्य करतो: उजव्या दिव्याने ‘जा’ सांगणं जीवघेणं आहे आणि ते थांबलंच पाहिजे. पण दोष खुणेच्या प्रथेचा नाही. हातातून दिव्यात उतरवताना जे गळलं, त्याचा आहे. तिथे दुरुस्ती हवी. बंदीने फक्त उरलेला अर्थही जाईल.

त्यांचा दुसरा मुद्दा याहून भक्कम आहे. ओलांडणाऱ्याची जबाबदारी ओलांडणाऱ्याची. ट्रकवाल्याने हात दाखवला म्हणून मेलेला माणूस परत येत नाही, आणि खटला उभा राहिला तर ‘त्याने दिवा दिला होता’ हा बचाव टिकत नाही. थोडा हिशेब करून बघा. ट्रक ताशी ५० किलोमीटरने चाललाय, कार ८०च्या वेगाने त्याला ओलांडतेय. ट्रक दहा मीटर, कार चार, मागेपुढे वीस-वीस मीटर अंतर धरलं तर कारला ट्रकपेक्षा साधारण ५४ मीटर जास्त कापायचेत. साडेसहा सेकंद लागतात. तेवढ्यात समोरून ८०ने येणारी गाडी आणि ही कार मिळून २९० मीटर खातात. पण ही झाली आधीच वेगात असलेल्या कारची गोष्ट. तीच कार ट्रकच्या मागे ५०वर अडकलेली, आत पाच माणसं, टपावर बोचकी, एसी चालू. ती हळूहळू वेग पकडत निघाली तर अकराएक सेकंद जातात आणि मोकळा रस्ता लागतो साडेचारशे मीटरच्या आसपास. ट्रकवाला उंचावर बसतो, त्याला पुढचं कारवाल्यापेक्षा जास्त दिसतं, हे खरं. पण मागच्या कारमध्ये किती माणसं आहेत, तिच्या इंजिनात किती दम आहे, चालवणारा कालच शिकलाय की वीस वर्षांचा मुरलेला, यातलं त्याला काय दिसतं? आरशातले दोन दिवे. जी गोष्ट ठरवायला दोघांचं ज्ञान लागतं, ती एकाने ठरवून दुसऱ्याला ‘जा’ म्हणणं हा उपकार उरत नाही. एखाद्या दिवशी त्या भल्या ड्रायव्हरचंच हात दाखवून अवलक्षण होतं.

इथपर्यंत मी बंदीवाल्यांच्या बाजूने बोलतोय असं वाटेल. पण याच हिशेबातून उलटाही निष्कर्ष निघतो. पुढचं ट्रकवाल्याला दिसतं, मागचं कारवाल्याला ठाऊक असतं, म्हणजे निर्णय चांगला व्हायचा असेल तर दोघांमध्ये काहीतरी पोचायलाच हवं. मुकेपणा हे उत्तर कसं असेल? समुद्रावर हा प्रश्न कधीच सोडवला गेला आहे. जहाजांची टक्कर टाळण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले, त्यांत अरुंद खाडीत ओलांडण्याची पद्धत लिहिलेली आहे. मागच्या जहाजाला पुढच्याने बाजूला सरून जागा दिल्याशिवाय जाता येत नसेल, तर ते भोंग्याने विचारतं: दोन लांब आणि एक आखूड म्हणजे तुमच्या उजव्या अंगाने येतो, दोन लांब आणि दोन आखूड म्हणजे डाव्या अंगाने. पुढच्याला मान्य असेल तर लांब, आखूड, लांब, आखूड असं उत्तर देऊन ते जागा करून देतं. आणि शंका असेल तर? निदान पाच आखूड, भराभर. या पाच भोंग्यांचं मला फार महत्त्व वाटतं. ‘मला खात्री नाही’ हे सांगण्यासाठी तिथे स्वतंत्र शब्द आहे. मामांचा मांडीवर ठेवलेला हात हेच सांगत होता. आपल्या आजच्या महामार्गावर या शब्दाला दिवाच नाही. इथे ‘जा’ आहे, ‘थांब’ आहे, आणि खात्री नसलेला माणूस या दोन्हींतलं काहीतरी एक खोटंच सांगतो.

आणखी एक गोष्ट समुद्राकडून घेण्यासारखी आहे. त्या होकारानंतरही ओलांडणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, नियमात तसं स्पष्ट आहे. संवाद आणि जबाबदारी एकत्र नांदू शकतात. आपल्याकडे वाद असा घातला जातो जणू खूण मान्य केली की दोष पुढच्याच्या गळ्यात पडणार. तसं व्हायचं काहीच कारण नाही.

इथे कोणी ब्रिटनचा दाखला देईल, आणि तो द्यायलाच हवा. तिथल्या सरकारी हायवे कोडमध्ये हेडलाइट लुकलुकवण्याचा एकच अर्थ दिलाय: मी इथे आहे. दुसरा कुठलाही निरोप देण्यासाठी दिवे वापरू नका, आणि दुसऱ्याने दिवे मारले म्हणजे ‘या’ म्हणतोय असं समजू नका, इतकं सरळ. तरी तिथले लॉरीवाले एकमेकांना दिवे मारतातच. मागची लॉरी ओलांडून गेली, तिची शेपटी मोकळी झाली की मागे पडलेला दिवे मारतो, म्हणजे आता डावीकडे आत ये, जागा आहे. आत आलेला इंडिकेटर एकदा डावा, एकदा उजवा लावून आभार मानतो. नियमाने मनाई असून ही रीत का टिकली? कारण त्यात खरी माहिती असते. अठरा मीटरचा ट्रेलर ओढणाऱ्याला आपली शेपटी मागे पडलेल्याच्या नाकापासून किती दूर गेली हे आरशात नीट उमगत नाही, रात्री तर मुळीच नाही. ते ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं तो सांगतो. ‘तुझी शेपटी मोकळी झाली’ हे दिसलेल्या गोष्टीचं वर्तमान आहे. ‘समोरून कोणी येत नाही, मार’ हे भविष्य आहे. पहिलं मला कोणीही सांगावं. दुसरं कोणी सांगू नये.

त्या कोडमागची भीती मात्र खरी आहे, आणि आपल्याकडच्या मंडळींना परदेशात गेल्यावर ती कळते. इंग्लंडला गेलेला माझा एक मित्र पहिल्याच आठवड्यात एका अरुंद गल्लीत अडकला. समोरच्याने दिवे मारले, म्हणून हा थांबून राहिला. पुन्हा मारले, हा आणखी मागे गेला. तिकडे समोरच्याने ‘तुम्ही या’ म्हणून दिवे मारलेले, आणि याच्या डोक्यात नगर-पुणे रस्त्याचा डिपर: ‘मी येतोय, तू थांब’. एकच उजेड, बरोबर उलटे अर्थ. दोन देशांत हे चाललं तर एकवेळ ठीक. एकाच महामार्गावर चालू नये.

तिसरा आक्षेप नव्या रस्त्यांचा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ पासून पूर्ण चालू आहे, ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये इगतपुरीच्या पुढे आमने गावापर्यंत पोचला, मध्ये दुभाजक आला, समोरून कोणी येतच नाही, मग साइड मागायची-द्यायची भाषा हवीच कशाला? आधी एक गोष्ट: महाराष्ट्रातले बहुतेक रस्ते काही समृद्धीसारखे नाहीत. मुंबई-गोवा महामार्गावर गणपतीत जाणाऱ्या कोणत्याही चाकरमान्याला विचारा, चौपदरी संपून अचानक दुपदरी कुठे होतं आणि वळणरस्ता कुठे फेकतो हे त्याला पाठ झालेलं असतं. आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावरही ट्रकला ट्रक ओलांडतोच. तिथला प्रसंग असा: एक ट्रेलर ५७ने चाललाय, दुसरा ६०ने त्याच्या बाजूला येतो. दोघेही अठरा-अठरा मीटर, आगेमागे वीस-वीस मीटर धरा, ७६ मीटरचा फरक काढायचाय तीन किलोमीटरच्या वेगफरकाने. दीड मिनिट लागतं, आणि तेवढ्यात हे जोडपं दीड किलोमीटर रस्ता अडवून पुढे सरकतं. मागे कारची रांग, त्यातले अर्धे चिडून डावीकडून घुसणारे. जर्मन लोक याला हत्तींची शर्यत म्हणतात. २००८ मध्ये तिथल्या हाम शहरातल्या उच्च न्यायालयाने ट्रकने ओलांडायला साधारण ४५ सेकंदांहून जास्त वेळ घेऊ नये असं माप घालून दिलं.

आता त्याच प्रसंगात बाजूच्या, म्हणजे ओलांडल्या जाणाऱ्या ड्रायव्हरने पाय जरासा उचलला आणि तो ५०वर आला तर? सत्तावीस-अठ्ठावीस सेकंद. साडेचारशे-पाचशे मीटरमध्ये काम संपतं. त्याचे गेले किती? पुन्हा वेग पकडण्यात काही सेकंद आणि थोडं डिझेल. दिवा नाही, हात नाही, हॉर्न नाही. मामांनी हात बाहेर काढण्याआधी पाय उचलला होता तो याचसाठी. मला साइड देणं या शब्दाचा खरा अर्थ इथे दिसतो, आणि ‘ओलांडलं जात असताना वेग वाढवू नये’ हे आपल्या नियमांतही आहे. पण वेग न वाढवणं आणि कमी करणं यांत फरक आहे. पहिलं कायद्याने मागता येतं. दुसऱ्यासाठी माणसाकडे ते काही सेकंद शिल्लक असावे लागतात.

आणि इथे मला आठवणी काढणाऱ्या गटाशी बोलायचंय. पूर्वीचे ड्रायव्हर भले होते, आताचे उद्धट झाले, असं म्हणून तुम्ही एका पिढीवर अन्याय करताय. पूर्वी गाडी पन्नासच्या पुढे जात नव्हती, केबिनमध्ये क्लीनर होता, डावी बाजू तो बघायचा, रात्री बॅटरी तो दाखवायचा, ड्रायव्हरला जागं तो ठेवायचा. आज भाड्यात परवडत नाही म्हणून कित्येक गाड्यांवर एकटाच माणूस असतो. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम एवढीच मर्यादा घातली होती, २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. लांब पल्ल्याच्या कुठल्याही ड्रायव्हरला हे वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. माल वेळेत पोचला नाही तर भाड्यातून कापणारा व्यापारी, फोनवर दर तासाला ‘कुठे पोचलास’ विचारणारा मालक, आणि पाय उचलायचा तो या माणसाने. जानेवारी २०२४ मध्ये ‘हिट अँड रन’च्या नव्या कलमाविरुद्ध ट्रकवाले रस्त्यावर उतरले तेव्हा पेट्रोल पंपावर रांगा लावताना आपल्याला ते आठवले. अपघातात पकडला गेलेला आरोपी आणि जुन्या आठवणींतला देवमाणूस, या दोनच रूपांत आपण त्याला ओळखतो. सौजन्य हवं असेल तर त्याचं वेळापत्रक बघावं लागेल. वेळापत्रकात तीस मिनिटं कमी असणाऱ्याकडून दहा सेकंदांची माया मागणं सोपं आहे, न्याय्य नाही.

खुणा नसतील तर काय होतं, याचं चित्र बघायला लांब जायला नको. गळीत हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा नगरच्या कुठल्याही रस्त्यावर रात्री आठनंतर जा. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर टपापर्यंत ऊस, उसाची टोकं दोन्ही बाजूंनी रस्त्यावर लोंबलेली. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, असला तर उसाच्या मोळ्यांखाली झाकलेला. रिफ्लेक्टर चिखलाने भरलेला. चालकाला आरशात फक्त ऊस दिसतो आणि कानात त्याच्याच टेपचं गाणं. तुम्ही मागून हॉर्न देता, त्याला ऐकू येत नाही. डिपर मारता, तो त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याला पुढचं दिसतं, पण ते तुम्हाला सांगायचं साधन त्याच्याकडे नाही. मग तुम्ही उजवीकडे डोकावता, पुन्हा आत येता, पुन्हा डोकावता. हा माणूस काही उद्धट नाही. त्याला फक्त कोणी भाषा दिलेली नाही. खूणभाषा बंद करा म्हणणाऱ्यांनी एकदा या ट्रॉलीमागून दहा किलोमीटर जाऊन बघावं. तिथे त्यांच्या मनासारखा, एकही चुकीची खूण न करणारा महामार्ग आहे.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. हा आकडा एकट्या खुणांमुळे झालेला नाही, बहुतेक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर मांडलेले आहेत. पण समोरासमोरच्या धडकेत वेग आणि गैरसमज वेगळे काढता येत नाहीत. म्हणून जे करता येण्यासारखं आहे ते मी मागतो. उजव्या दिव्याचा अर्थ उजवीकडे जाणं, दुसरा काही नाही, आणि हे ट्रकवाल्याइतकंच कारवाल्याला शिकवा. पुढच्याला मोकळं दिसत असेल तर त्याने डावीकडे सरावं आणि पाय उचलावा. समोरून गाडी येत असेल किंवा खात्री नसेल तर आपल्या जागी ठाम राहावं, म्हणजे मागच्याला ते ‘थांब’ म्हणून वाचता येईल. ओलांडून गेलेल्याला शेपटी मोकळी झाल्याचा एक डिपर द्यायला हरकत नाही. व्यावसायिक लायसन्सचं नूतनीकरण २०१९च्या दुरुस्तीनंतर दर पाच वर्षांनी होतं. ड्रायव्हर आरटीओच्या दारात येतो, फॉर्म भरतो, वैद्यकीय दाखला देतो आणि जातो. त्याच दिवशी अर्धा तास त्याला या चार गोष्टी दाखवता येणार नाहीत का? तो शिकलेला नाही हे कारण सांगू नका. आठवी पासची अट सरकारने २०१९ मध्येच काढली, तेव्हा अक्षरं वाचता न येणाऱ्याला दाखवून शिकवायची जबाबदारी सरकारनेच अंगावर घेतली आहे. आणि हे लवकर करावं लागेल. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. पन्नास अंशांच्या केबिनमध्ये आयुष्य काढलेल्या माणसांना तो कितीतरी आधी मिळायला हवा होता. पण काच वर गेली की तो हात कायमचा आत राहणार, आणि जे काही बोलायचं ते दिव्यांनीच बोलावं लागेल.

उसाच्या ट्रॉलीचं तर त्याहून सोपं आहे. ती रोज कारखान्याच्या वजनकाट्यावर थांबते, कधी कधी तासन् तास. काट्यावरच्या माणसाने पावती फाडण्याआधी एक फेरी मारून मागचा लाल दिवा लागतो का ते बघायचं, रिफ्लेक्टर पुसायचा, लोंबणारा ऊस आत दाबायला सांगायचं. दिवा नसेल तर रिकामी ट्रॉली अंधार पडण्याआधी गेटबाहेर सोडायची, नाहीतर सकाळपर्यंत थांबवायची. पुढच्या हंगामाच्या करारात, मुकादमाच्या उचलीच्या खाली, ही एक ओळ लिहायला कारखान्याच्या संचालक मंडळाला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.